आक्काला लिहिलेली पत्रकं

मी आयुष्यातली पहिली ई-मेल लिहिली तेव्हा तिला मथळा दिला होता. मधोमध, मोठ्या अक्षरांत, दोन्ही बाजूंना तीन-तीन उद्गारचिन्हं. खाली ‘सप्रेम जय भीम’, मग पाच मुद्दे, आणि शेवटी ‘आपला विनीत’. ती ई-मेल माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीला होती.

हसा खुशाल. मला दुसरं काही लिहिताच येत नव्हतं. अकरावीपासून मी पत्रकं लिहीत होतो. वसतिगृहाच्या भातात अळ्या निघाल्या, लिही पत्रक. आष्ट्यात आमच्या वस्तीचा नळ कोरडा आणि पलीकडच्या गल्लीत जीपगाड्या धुतायत, लिही पत्रक. सांगलीच्या एका छापखान्यात, अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या माणसाच्या शेजारी उभं राहून मी लिहायला शिकलो. थोरल्या कार्यकर्त्यांनी एक नियम घोटून घेतला होता: अन्याय कुणावर झाला, कुठं झाला, कुणी केला, नाव-गावासकट छापायचं. मोघम लिहिलं की लोक त्या कागदात भेळ बांधून देतात. नियम खरा होता. आजही मी तो मानतो.

आक्का नर्स होती, आखातातल्या एका दवाखान्यात. पत्र पोचायला पंधरा-वीस दिवस लागायचे. नव्वदचं दशक सरत आलं होतं. सांगलीत टायपिंगचे वर्ग चालवणाऱ्या एका बाईंनी मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर बसवले आणि आम्हा भावंडांमधलं अंतर एका दुपारीत मिटलं.

ती दुपार अजून डोळ्यांसमोर तरंगते. हिरवा पडदा. पडद्यापलीकडं पंधरा-वीस मुली एका लयीत टाइपरायटर बडवतायत, कुठंतरी लांब पत्र्यावर चिंचोके पडत असावेत तसा आवाज. कूलरमधून वाळ्याचा ओला वास. मोडेम आधी किंचाळायचा, मग घोगरा व्हायचा, मग एकदम गप्प. आणि कॉम्प्युटरचा पडदा हळूहळू उजळायचा. कृष्णेत बुडी मारून डोळे उघडले की वर जसा हिरवट उजेड दिसतो, तसा. त्या उजेडाच्या दुसऱ्या टोकाला आक्का बसलीय असं मला खरंच वाटायचं.

निघताना आई सांगायची, “तिला लिव, म्हस व्याली. रेडी झालीया.”

“आई, तिथं घड्याळ लावून बसायचं असतं. म्हशीचं काय लिहू?”

“मग काय लिवतोस रं तासभर?”

जगाचं लिहायचो. सगळं कॅपिटल अक्षरांत, रोमन लिपीत मराठी. आक्का छोटंसं उत्तर पाठवायची. आज दुपारची ड्यूटी आहे. खिडकीतून समुद्र दिसतो, पण तो पाण्यासारखा वाटत नाही, वाळत घातलेल्या धोतरासारखा वाटतो. तू जेवतोस ना? मी मनात म्हणायचो, हिला परिस्थितीचं भान कधी येणार.

मग तिची ती ई-मेल आली. तिच्या खोलीत उंब्रजची एक मुलगी होती, तीही नर्सच. पहिल्या आठवड्यात त्या मुलीनं आक्काला आडनाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी आपलं पातेलं फळीवरून उचलून वेगळं ठेवलं. चूल वेगळी, पाण्याचं भांडं वेगळं. सातासमुद्रापार जाऊन! दीड महिन्यानं ती तापानं फणफणली. आक्कानं चार दिवस तिचं सगळं केलं. बरी झाल्यावर त्या मुलीनं स्वतःच्या हातानं पातेलं परत फळीवर आणून ठेवलं आणि फळीला डोकं टेकून रडली. आता आम्ही एकाच ताटात जेवतो, आक्कानं लिहिलं होतं. हे फक्त तुला सांगते. कुणाला सांगू नकोस. ती आता माझी आहे.

अर्ध्यापर्यंत वाचतानाच माझी कानशिलं तापली. पुढचं अर्धं मी वाचलं नाही असं नाही. ते पत्रकात बसत नव्हतं.

तेव्हा परदेशातल्या मराठी लोकांची एक ई-मेलची यादी होती. एकानं लिहिलं की दोनशे जणांच्या घरी पोचायचं. मी मथळा घातला. दवाखान्याचं नाव घातलं, शहर घातलं, त्या मुलीचं गाव घातलं. ताप, फळी, रडणं गाळलं. पाठवलं.

आठ दिवस उत्तरांचा पूर. शाबासक्या, शिव्या, उपदेश. एकानं लिहिलं, कॅपिटलमध्ये लिहिणं म्हणजे ओरडणं. मी उलट लिहिलं, ओरडायलाच बसलोय. टायपिंगच्या बाई म्हणाल्या, “कार्यकर्ते, आज टपाल लई आलंय तुमचं.” मी जमिनीपासून वीतभर वरून चालत होतो.

त्या पुरात आक्काचं काही नव्हतं. पंधरवड्यानं एक ओळ आली. ती दुसऱ्या खोलीत राहायला गेली. तू नीट वाचलं होतंस का?

मग काहीच नाही.

आणि मी काय करावं? त्याच यादीवर ‘जाहीर माफीनामा’ लिहायला घेतला. चार मुद्दे. बाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

“माफी बहिणीची मागताय ना? मग हे दोनशे पत्ते कशाला?”

“चूक जाहीर, तर माफीही जाहीर.”

“अहो, ती दोनशे जणांत राहते का एका खोलीत?”

“बाई, तुम्ही टायपिंग शिकवा.”

पाठवलाच. त्यात दवाखान्याचं नाव पुन्हा एकदा आलं.

महिने गेले. आई प्रत्येक फेरीला विचारायची, “पोरीचा कागद न्हाई आला?” मी म्हणायचो, लाइन बंद आहे. एक दिवस तिनं भाकरी थापायची थांबवली.

“तू कायतरी लिवलंस तिला.”

“व्हय.”

“वरडलास?”

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

“मी सांगते त्येवढंच लिव आता. तुजं कायबी घालू नगं.”

त्याच वर्षी मी वकिली शिकायला साताऱ्याला गेलो. तिथला सायबर कॅफे जिन्यावर होता, पश्चिमेची खिडकी असलेला. पावसाळ्यात धुकं आत यायचं, अगदी कीबोर्डवर बसायचं. मी लिहिलं: आई बरी आहे. रेडी मोठी झाली, दावं तोडते. बोट सवयीनं उद्गारचिन्हाकडं गेलं. मागं घेतलं. दोन ओळी, छोट्या अक्षरांत. एवढा उघडावाघडा मी कधीच कुणासमोर उभा राहिलो नव्हतो.

दर शनिवारी दोन ओळी. उत्तर नाही. पण लिहायचंय म्हणून आठवडाभर मी बघायला लागलो. समोरचा डोंगर सकाळी नसतो आणि दहा वाजता असतो. खानावळीच्या मावशी वाढताना स्वतःशीच पुटपुटतात. कुणाला काही पटवून द्यायचं नाही म्हटल्यावर दिवस किती लांब होतात! मोर्चेही चालूच होते. पत्रकंही लिहीत होतो, नाव-गावासकट, आणि तिथं राग तसूभर कमी नव्हता. उंब्रजच्या पोरीनं पातेलं उचललं याचा राग मला आजही येतो. फक्त ते पातेलं माझं नव्हतं.

दहाव्या का अकराव्या शनिवारी पडद्यावर तिचं नाव दिसलं. मी लगेच उघडलं नाही. खिडकीबाहेर धुकं वर सरकत होतं, मी ते संपूर्ण वर जाईपर्यंत बसून राहिलो. मग उघडलं.

ती अजून बोलत नाही, आक्कानं लिहिलं होतं. समोरून जाते, मान खाली घालून. तिची माफी मागायला जाऊ नकोस, तू तिथंही मंडप घालशील. रेडीचं दावं कातड्याचं करायला सांग आईला.

हे सगळं लिहू का, असं मी परवा आक्काला विचारलं. नावं घालू नकोस, ती म्हणाली, आणि त्या ई-मेलचा खालचा भाग आई धरून आपल्या तिघांत राहू दे. तो बराच मोठा होता. मी तो तेव्हाच कागदावर छापून घेतला, आष्ट्याला गेलो आणि आईला गोठ्यात उभ्या उभ्या, हळू आवाजात वाचून दाखवला.