तेच पान, कोंपाद्रे

कासियानो युक्रा चौदाव्या वर्षी कथलाच्या खाणीत उतरला आणि त्याच दिवसापासून त्याच्या गालात कोकाच्या पानांचा तोबरा आला. खाणीत सगळेच तोबरा भरत. देठ काढून एकेक पान गालात सारायचं, राखेच्या गोळीचा कण चावायचा, मग अर्ध्या तासाने कुठे भूक दबायची, अंगात थोडी ऊब यायची. सुट्टीच्या दिवशी तो पानाला हातही लावत नसे आणि त्याला त्याची आठवणही होत नसे. तीस वर्षं असं चाललं.

मग खाण बंद पडली. त्याच्या लेकीचा, निएवेसचा, धर्मबाप तेओदोसिओ आधीच खाली चापारेच्या गरम जंगलात गेला होता. बाप्तिस्म्याच्या दिवसापासून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत आणि सख्ख्या भावांपेक्षा जास्त मानत. त्याने निरोप धाडला, "बायको-पोरीला घेऊन ये, कोंपाद्रे. काम आहे."

काम म्हणजे जंगलातल्या खड्ड्यात कोकाची पानं रॉकेल आणि अ‍ॅसिडमध्ये पायाने तुडवायची. त्यातून पांढुरका लगदा निघे, तो तेओदोसिओ पुढे विकत असे. चौथ्या दिवशी कासियानोच्या तळव्यांची सालं निघाली. तेओदोसिओने तोच लगदा वाळवून तंबाखूत मिसळून भरलेली एक सिगारेट पुढे केली.

"ओढ. दुखणं पळेल."

"हे काय आता?"

"तेच पान, कोंपाद्रे. तीस वर्षं गालात धरलंस, त्याचाच धूर. त्यात घाबरायचं काय?"

आपल्या लेकीला हातांवर घेऊन पाद्र्यासमोर उभा राहिलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर कासियानोने विचार केला नाही. दुसऱ्या झुरक्यालाच डोक्यात लख्ख ऊन पडलं. पाय आपले नाहीतच असं वाटलं. पण सिगारेट विझेपर्यंत ते ऊन गेलंही होतं, आणि मागे अशी तगमग उरली की त्याने आपणहून हात पुढे केला. तेओदोसिओने हसत दुसरी दिली.

महिन्याभरात तो अर्धी मजुरी सिगारेटींत घेऊ लागला, पुढे सगळीच. जेवण सुटलं. एकदा त्याची बायको हिलारिया बाजारातून तरातरा घरी आली.

"माझी शिलाई मशीन कुठंय?"

"दुरुस्तीला टाकलीय."

"दुरुस्तीला? ती बाजारातली सेवेरिना तिच्यावर परकर शिवत बसलीय! वर मलाच म्हणते, मशीन छान चालते हो ताई!" ती मटकन खाली बसली. "मागितली असतीस तर नाही म्हटलं असतं. पण निदान मागायचीस तरी."

त्याला शरम वाटली. पण सिगारेट संपली की काय, हा विचार शरमेच्या आधी आला होता, आणि हे त्याला स्वतःलाच कळलं. त्याचीच त्याला भीती वाटली.

तो तेओदोसिओकडे गेला. तेओदोसिओ झावळ्यांच्या छपराखाली बसला होता, गाल फुगलेला. नुसती पानं.

"कोंपाद्रे, तू का रे कधी ओढत नाहीस?"

"मी? वेड लागलंय का मला?" तेओदोसिओ मोकळेपणी हसला. "मला धंदा सांभाळायचाय. आणि खरं सांगू, न ओढणारे गडी महिन्याभरात पळून जातात. तू बघ, कसा टिकलास!"

कासियानो तिथून निघाला. चालत दवाखान्यात गेला. तिथल्या नर्सबाईने पाय बांधता बांधता सगळं ऐकून घेतलं.

"चघळलेलं पान हळूहळू रक्तात उतरतं, मामा, आणि हळूहळूच ओसरतं. त्यात नशा असतेही थोडीच. धूर मात्र छातीतून काही क्षणांत मेंदूत जातो, तोही दाट लगद्याचा. जे इतक्या झटकन चढतं ते झटकन उतरतं, आणि उतरलं की जीव लगेच पुन्हा मागतो. पान तेच असेल, पण वाट वेगळी आहे."

"म्हणजे त्याला हे ठाऊक होतं."

"कुणाला?"

त्याने मान फिरवली.

हिलारिया त्याला वर, थंड डोंगरात, तिच्या भावाच्या घरी घेऊन आली. दोनदा तो पळून खाली गेला, दोनदा तिने शोधून आणला. तिसऱ्या खेपेला टिकला. त्याला तलफ येई तेव्हा ती त्याच्या हातावर पानं ठेवी, "चघळ. हळू." काही दिवस त्याने चघळली, काही दिवस थुंकून टाकली.

निएवेसच्या लग्नाला रीतीप्रमाणे धर्मबाप आलाच, बिअरचे खोके घेऊन. सगळ्यांसमोर त्याने पानांची पिशवी पुढे केली. कासियानोने दोन्ही हात पाठीमागे नेले. पुढे केलेलं पान नाकारणं म्हणजे नातं तोडणं, हे अंगणातल्या प्रत्येकाला कळत होतं. बँड थांबला. तेओदोसिओने इकडेतिकडे पाहिलं, खांदे उडवले, निएवेसला आशीर्वाद दिला आणि जेवायला बसला. निएवेस त्याच्या पाया पडली, कारण तशी रीत होती.

पाहुणे पांगल्यावर कासियानो म्हणाला, "त्याने माझ्याबरोबर वाटून ओढलं असतं तरी चाललं असतं. स्वतः तोंडाला लावलं नाही गं त्याने."

हिलारिया भांडी आवरत होती. "माहीत आहे," ती म्हणाली, आणि आहेराच्या पेटीला कुलूप घालून किल्ली रोजच्यासारखी कमरेला खोचली. कासियानोने ती पाहिली. तो तिच्याबरोबर भांडी उचलू लागला.