काय दिसतंय? : किसन सरांची बराखी

किसन सरांकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला सर दिसलेच नाहीत. दिसले ते पाय. मी दहा वर्षांची होते. मंचरच्या बाजारपेठेत आमचं बारदानाचं दुकान. कांद्या-बटाट्यासाठी नेलेली गोणपाटं उरली की वडील शेतकऱ्यांकडून परत आणायचे. त्या दिवशी स्कूटरवर मागे बसून मीही गेले. हायवे सोडून ओढा ओलांडला की ट्रकांचा आवाज एकदम मागे पडतो, आणि तिथेच सरांची बराखी आहे. बराखी म्हणजे कांदा साठवायची लांबट, अरुंद खोली. आत वारा खेळावा म्हणून तिच्या भिंतींना फटी ठेवलेल्या असतात. दिवाळीनंतर कांदा निघून गेला की ती होळीपर्यंत रिकामी. मी एका फटीला डोळा लावला. आत उन्हाच्या पट्ट्याच पट्ट्या, त्यांतून तरंगणारी कांद्याची गुलाबी सालं, आणि सात पोरांचे पाय वर, डोकी खाली. सगळे हातांवर उभे. आणि हे सगळं करताना त्यांच्या चक्क गप्पा चालल्या होत्या.

"सर, बैल आभाळावर चालतोय."

"मला काकू दिसत्यात. पदराला पीठ लागलंय."

"आन् तू गं, भायेरची? तुला काय दिसतंय?" आतून भरदार आवाज आला. तो मलाच विचारत होता! मी घाबरून खरं ते सांगितलं, "पाय."

सातही जण हसले आणि धपाधप खाली आले. पडले म्हणवत नाही, कारण एकालाही लागलं नाही. वडील गोणपाटं मोजत राहिले आणि माझं पुढचं सगळं आयुष्य त्या फटीपाशी ठरून गेलं.

या वर्षी सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या मंडळींनी मला लिहायला सांगितलं तेव्हा "सरांच्या डोळ्यांचा विषय नको" अशीही सूचना आली. मी थेट सरांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिही की. चोरी थोडीच केलीय? पर रडगाणं नको." म्हणून सांगून टाकते. सरांना काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याची नजर गेली आहे. डावा डोळा टिकवायचा असेल तर डोकं खाली करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. ज्या माणसाने अर्धा जन्म हातांवर काढला, त्याला हे सांगणं किती अवघड गेलं असेल! आणि ऐकणं त्याहून अवघड गेलं. ती हकिगत पुढे येईलच.

सर शाळेत कवायत शिकवायचे. नोकरीची सुरुवात तळेघरला झाली. तिकडे एसटी क्वचित, चालणं फार. भाताच्या खळ्यावर पेंढा पसरून सरांनी पोरांना हातांवर उभं करायला घेतलं, पण पोरं दोन क्षणांत लाल व्हायची आणि कोसळायची. एकदा सर डोंगरातून चालले होते. पुढे दोन बायका डोक्यावर नाचणीची ओझी घेऊन चढण चढत होत्या, आणि चढताना तोंडं अखंड चालू. सरांनी विचारलं, "दम लागत न्हाई का, मावशी?" त्यांतली एक म्हणाली, "गप ऱ्हायलं की लागतो." सर सांगतात की त्या चढावर त्यांना त्यांची विद्या मिळाली. उलटं झालं की माणूस भीतीने श्वास कोंडतो, श्वास कोंडला की अंग ताठतं, आणि ताठलेलं अंग पडतं. पण बोलणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो. म्हणून सरांनी किती वेळ उभे राहिलात ते कधी मोजलं नाही. घड्याळाऐवजी त्यांनी एक प्रश्न ठेवला, "काय दिसतंय?" जोवर उत्तर येतंय तोवर पोरगं सुखरूप.

मात्र हा प्रश्न आमच्या वाट्याला लगेच आला नाही. पहिला महिना फक्त पडायचं. कूस वळवून पडायचं, पाठीचं गाठोडं करून पडायचं, एक पाय आधी टेकवून आवाज न करता उतरायचं. मला तर फार राग यायचा. "सर, मी उभं राहायला आलेय, पडायला नाही," असं मी तोंडावर म्हटलं होतं. माझी जीभ तेव्हापासूनच तिखट. सर म्हणाले, "पडता येत न्हाई त्यो उभा ऱ्हातच न्हाई, बाय. त्यो नुसता अडकून ऱ्हातो." मग दुसऱ्या महिन्यात हात. बोटं फाकवायची, बोटांच्या टोकांनी जमीन धरायची, खांदे कानांना लावायचे. "जमिनीवर उभं ऱ्हायचं न्हाई, जमीन ढकलायची," हे त्यांचं वाक्य मी आज माझ्या शाळेतल्या मुलींना दिवसातून दहा वेळा सांगते.

त्या काळी मुलींनी पाय वर करायचे म्हणजे गावाला विषयच झाला असता. सरांनी भाषण केलं नाही. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, सरांची जुनी धोतरं फाडली आणि घोट्याला नाडी असलेल्या लांब चोळण्यासारख्या पॅंट शिवल्या, प्रत्येकीच्या मापाने. बराखीच्या खुंटीवर त्या टांगलेल्या असायच्या. मुलगी आली की तिची पॅंट घ्यायची, फ्रॉकखाली चढवायची, आणि चल. माझ्या पॅंटला काकूंनी लाल नाडी घातली होती, कारण मी पॅंट सारखी हरवायची.

आता माझी गोष्ट. आम्ही जैन, आमच्या घरात कांदा येत नाही. आणि मी रोज संध्याकाळी कांद्याच्या सालांवर तळहात रोवून घरी यायची! आठवड्याभरात आईने मला पकडलं. "तोंड उघड," म्हणाली. मी उघडलं. "हात दाखव." दाखवले. बस्स! मी कुठेतरी भजी खाऊन आले, यावर शिक्कामोर्तब झालं आणि माझं बाहेर जाणं बंद. बराखीत जाते हे सांगायची मला चोरी, कारण घरी मी "अभ्यासाला जाते" असं सांगितलं होतं. तीन दिवस मी गेले नाही. चौथ्या दिवशी, पोरांकडून सगळं कळल्यावर, सर सायकल मारत दुकानापाशी हजर झाले. वडिलांना नमस्कार केला आणि आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "वहिनी, पोरीनं कांदा खाल्ला न्हाई. ती त्याच्यावर उभी ऱ्हायलीया."

आईला काही कळेना. सर मला म्हणाले, "दाव."

गोणपाटांच्या थप्प्यांमधल्या जागेत मी हात टेकले. पाय वर गेले, वेणी जमिनीवर लोळली. मला आईची पावलं दिसत होती, जोडवी चमकत होती. "काय दिसतंय?" सरांनी हळूच विचारलं. मी म्हणाले, "आई. ती छतावर उभी आहे." मी उतरल्यावर तिने माझ्या केसांतली धूळ झटकली आणि म्हणाली, "वेणी वर बांधून जात जा." दुसऱ्या दिवशीपासून ती स्वतःच माझी वेणी डोक्यावर घट्ट गुंडाळून द्यायची. आणि सरांनी बराखीच्या टोकाला माझ्यासाठी रोज एक धुतलेलं गोणपाट अंथरायला सुरुवात केली. गोणपाट आमच्याच दुकानचं होतं, पण ते धुवायचे सर. होळीपर्यंत धुतलं, एक दिवस खंड नाही.

त्या बराखीतून कोण कुठे गेलं हे सांगत बसले तर ग्रंथ पुरणार नाही. एक मल्लखांबाच्या पथकात गेला, एक कुस्तीत. पडताना मान कशी सांभाळायची हे आपण तालमीत नाही, सरांकडे शिकलो, असं तो पैलवान अजून सांगतो. पिंपळवंडीची एक मुलगी बांबूउडीत चमकली. आडव्या दांडीवरून जाताना अंग क्षणभर उलटं होतं, तिथे बाकीच्या घाबरतात, ती म्हणते, "मला तिथं घरी आल्यासारखं वाटतं." पण खरं सांगू का, बहुतेक जण काहीच झाले नाहीत. शेती करतात, दुकानं चालवतात. सरांना त्यांचंही तेवढंच कौतुक. "जग एकदा उलटं बघितलेला मानूस उगा घाबरत न्हाई," म्हणतात.

दोन हिवाळ्यांपूर्वी सकाळीच काकूंचा फोन आला. "अगं, ह्यांना डॉक्टरनं बंदी घातलीया. आन् ह्ये रोज पोरं यायच्या आधी बराखीत जाऊन पाय वर करत्यात. माझं ऐकत न्हाईत. तूच ये बाई." मी तशीच गाडी काढली. लहानपणी डोळा लावला होता त्याच फटीला पुन्हा डोळा लावला. आत तेच ऊन, तीच सालं, आणि मधोमध सर हातांवर उभे. सत्तरी ओलांडलेलं अंग, पण पाय सरळ, जरासुद्धा हलत नव्हते. इतकं सुंदर काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि इतका संतापही मला कधी आला नव्हता.

"सर, खाली या!" मी ओरडले. त्यांच्यावर आवाज चढवायची माझी पहिलीच वेळ.

सर उतरले, एक पाय आधी टेकवून, आवाज न करता. म्हणाले, "दावल्याबिगर शिकवायचं कसं? नुसतं तोंडानं? तसं तर रेडिओ बी शिकवंल."

"आणि उरलेला डोळा गेला म्हणजे?"

"तवाचं तवा."

"तवाचं तवा काय, सर! आम्हाला महिना महिना पडायला लावलंत. स्वतः मात्र वर अडकून बसलात!"

बोलले आणि जीभ चावली. सर भिंतीला हात लावत लावत घराकडे गेले. तो भिंतीवरचा हात पाहून मला रडूच कोसळलं. आठ दिवस त्यांचा फोन नाही. आपण आपल्या गुरूला तोडलं असं वाटून मला अन्न गोड लागेना.

नवव्या दिवशी फोन आला. "सक्काळी ये. तू दावायचं."

गेले. पोरं रांगेत बसली होती. टोमॅटोचा एक क्रेट पालथा घालून सर त्यावर बसले होते. मी वेणी वर बांधली, हात टेकले आणि पाय वर नेले. तोच आवाज आला, "काय दिसतंय?"

इतकी वर्षं तो प्रश्न आमच्या श्वासासाठी होता. त्या दिवशी मला कळलं, सर खरोखर विचारत होते.

मी सांगू लागले. उन्हाच्या पट्ट्या वरून खाली नाही, खालून वर चालल्यात. सालं उडतायत. काकू किटली घेऊन येतायत, दारात आभाळ सांडलंय. पलीकडे डोंगर लटकलेत. "आन्?" सर म्हणाले. "आनखी?" मग माझी नजर त्यांच्याकडे गेली. सरांनी वहाणा उलट्या घातल्या होत्या. डावी उजव्या पायात, उजवी डाव्या. अंधुक नजरेने पहाटे उठून, मला दाखवायला बोलावलंय म्हणून घाईघाईने आले होते. माझ्या डोळ्यांतलं पाणी भुवयांवरून कपाळावर आलं, केसांत गेलं.

"बोल की! गप झालीस का पडशील."

"पाय, सर," मी म्हणाले. "तुमचे पाय दिसतायत. वहाणा उलट्या घातल्यात."

सर असे हसले, असे हसले, की पोरंही हसू लागली आणि मी गोणपाटावर धप्पकन पडले. नीट पडले हं, शिकवल्याप्रमाणे. काकूंनी पुढे होऊन त्यांच्या वहाणा बदलल्या. त्या दिवसानंतर सरांनी पाय वर केलेले नाहीत. डावा डोळा आजवर शाबूत आहे, आणि डॉक्टर म्हणतात तो टिकेल.

आता पोरं उलटी होतात आणि सरांना जग सांगतात. कुणाला खंड्या दिसतो, कुणाला मोटारीचं पाणी पाटात उलटं वाहताना दिसतं. सर डोळे मिटून ऐकतात आणि "आन्?" म्हणत राहतात.

सर, आपणांस उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो आणि उजेड शेवटपर्यंत सोबत राहो, ही आपल्या सगळ्या पोरांची प्रार्थना. डोळ्यात थेंब वेळेवर घाला. काकू मला सगळं कळवतात. यंदाही दिवाळीनंतर बराखी रिकामी होईल. मी झाडून ठेवते. क्रेट तुमच्या जागेवर असेल. वहाणा कशाही घालून या, पण या, आणि विचारा.