पिठलीच्या दोन न्याहाऱ्या

डब्याच्या पोळ्या लाटत होते, तेवढ्यात कुणीतरी दार बडवलं. शेजारच्या कौसाबाई. यजमान गेल्यापासून अंबरनाथच्या या चाळीत त्या आणि त्यांची पिवळी मांजर, पिठली, एवढाच त्यांचा संसार.

"हर्षदा, काय घातलंस गं माझ्या पिठलीला? सगळं ओकली!"

"भाताचे चार घास, मावशी. रोजचेच. आणि तुम्ही?"

"तुझ्याकडनं आली की मी वाटी भरून ठेवते, सुकट घालून. नाहीतर तुझ्याच उंबऱ्यावर लोळत बसते मेली. वाढवली मी, अन् लाडीगोडी तुझ्याशी!"

मी त्यांच्या घरात जाऊन पाहिलं. फरशीवर न चावलेला भात आणि सुकट जशीच्या तशी पडली होती.

"पोट भरलेलं असताना वर घाईनं गिळलंय तिनं. थोडं थोडं द्या, ताटलीत पसरून, म्हणजे सावकाश खाईल. तरी ओकत राहिली, तर प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेऊ."

पिठली माझ्याच पायाला अंग घासत होती. कौसाबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"देईन ताटलीत," त्या म्हणाल्या. "पण तू काही घालू नकोस. तिला माझ्याकडंच जेवू दे."