हातानं तोललेला पॉवर सप्लाय

आमची मंडळी, मुलीची आई, वारल्यावर मी हत्यारांची पेटी उघडलीच नव्हती. वेल्ह्यात सारा जन्म मोटारींचं वायंडिंग केलं, विहिरीवरच्या, गिरणीवरच्या. पण ती गेली आणि पक्कडसुद्धा हातात धरवेना.

मुलगी पुण्याची नोकरी घरून करते म्हणून माझ्याजवळ येऊन राहिली. तिला कॉम्प्युटरवर गेम खेळायचा नाद. तिशीची बाई, कानाला हेडफोन लावून मैत्रिणींबरोबर बंदुका उडवते. आधी मला राग यायचा. मग बरं वाटायला लागलं. घरात कुणीतरी हसत होतं.

तिनं नवा कॉम्प्युटर स्वतः जुळवायला घेतला. एकेक भाग खोक्यातनं येत होता. एके सकाळी म्हणाली, "आबा, पॉवर सप्लाय तुमी निवडा. करंटचं मला कळत नाही."

सगळं कळतं तिला. मला जागचं हलवायचं होतं, तेही मला समजत होतं. तरी हललो.

तिनं सांगितलं, हा डबा घरातली लाइट घेतो आणि आतल्या सगळ्या भागांना वाटून देतो. प्रोसेसरला एवढे वॅट, ग्राफिक कार्डाला एवढे, म्हणजे साडेपाचशेचा डबा पुरेल. मी विचारलं, "कार्ड एकसारखं ओढतं का उसळ्या मारतं?"

"गेममध्ये मोठी लढाई सुरू झाली की उसळी मारतं."

"मग मोटारीसारखंच की. मोटार चालू होताना पाचपट ओढते. काठोकाठ घ्यायचं न्हाई. साडेसातशे घेऊ."

"बघा, म्हणून तुमाला विचारलं," ती म्हणाली. त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या.

भोरात माझ्या कामातल्या जुन्या जोडीदाराचं दुकान आहे. वेल्ह्यात आम्ही दोघं एका बाकड्यावर बसून मोटारी बांधायचो. मंडळींनी दिलेला जेवणाचा डबा दोघांत एक. पुढं तो भोरला गेला आणि कॉम्प्युटरचं सामान विकायला लागला. मंडळींच्या दहाव्याला तो माझ्यापेक्षा जास्त रडला. दुसरीकडं जायचा माझ्या मनात विचारसुद्धा आला नाही.

त्यानं दोन डबे पुढं ठेवले. "दोन्ही साडेसातशेचे. हातात घेऊन बघ."

ही आमची जुनी परीक्षा. जुनी मोटार घेताना, ट्रान्सफॉर्मर घेताना आधी उचलून बघायचं. जड असला म्हणजे आत तांबं भरपूर. हलका असला म्हणजे कुणीतरी हात मारलाय. मी दोन्ही तोलले आणि जड होता तो घेतला.

"तुझा हात अजून तसाच हाय गड्या," तो म्हणाला. स्वतः पिशवीत घालून दिला.

मुलीनं डबा बसवला, मशीन सुरू झालं. पण थोड्या दिवसांनी बघतो तर ती लढाईचा गेम सोडून पत्त्यांसारखं काहीतरी खेळत बसलेली. विचारलं तर म्हणाली, "कंटाळा आला आबा."

मग एका दुपारी मी ओसरीवर होतो आणि ती आत मैत्रिणीशी बोलत होती. "नाही गं, गेम जरा रंगला की मशीनच बंद पडतं. पॉवर सप्लाय आबांनी आणलाय. त्यांना कसं सांगू?"

मी पेटी उघडली, स्क्रूड्रायव्हर काढला. ती आडवी आली. "आबा, आत करंट साठलेला असतो."

"हे तू मला शिकवतीस व्हय?"

डबा सोडवून दोन दिवस तसाच ठेवला, मग टेस्ट लॅम्प लावून खात्री केली आणि उघडला. वायरी बारीक. सर्किटची निम्मी पाटी मोकळी, जिथं पार्ट पाहिजेत तिथं नुसती भोकं. आणि तळाला चिकटवलेली लोखंडाची पट्टी. ओढून काढली, हातात घेतली. मी तांबं म्हणून जे तोललं होतं ते हे.

मला वाटलं, त्यालाही कुणीतरी फसवलंय. बंद खोकं, त्याला आतलं काय दिसणार. त्याला सावध करावं म्हणून मी एसटीनं नसरापूरमार्गे भोर गाठलं. पट्टी काउंटरवर ठेवली. "हे बघ काय निघालं."

त्यानं पट्टीकडं बघितलं नाही. रस्त्याकडं बघत म्हणाला, "उघडलास कशाला?"

"तुला ठाऊक व्हतं?"

"आरं, तसले दोन-चार पडून व्हते. आताची गिऱ्हाइकं मोबाईलवर बघून येत्यात, घेत न्हाईत. तू हातावर तोलून घेणार हे मला म्हाईत. म्हटलं, लेक काय, गाणीबिणी ऐकत आसंल, तेवढ्याला चालंल."

"दुसरा डबा चांगला व्हता?"

"व्हता की. तू त्यो उचलला आसतास तर त्योच दिला आसता. म्या काय जबरदस्ती केली का?"

तो उठला. "बस, चा सांगतो. त्यो दुसरा घेऊन जा. वहिनी आसत्या तर तू आसं तोंड केलं नसतंस."

"तिचं नाव घ्यायचं न्हाई," मी म्हणालो. "ती तुला भाकरी द्यायची तवा तोलून देत नव्हती."

चहा घेतला नाही. डबाही घेतला नाही.

घरी येऊन मुलीला सगळं सांगितलं. तिनं ऑनलाइन दुसरा मागवला. चष्मा लावून मी त्याच्यावरचा कागद वाचला. बारा व्होल्टच्या लाइनीवर किती अँपिअर मिळतात ते तिथं लिहिलेलं असतं, आणि डबा कुणी तपासलाय ते विचारायचं असतं. वजनात काय नसतं. स्क्रू मी आवळले. तिनं लढाई लावली. मशीन बंद पडलं नाही. ती मैत्रिणींवर अशी ओरडत होती की शेजारीण डोकावून गेली.

मी अंगणात आलो. असं काही जमलं की आधी मंडळींना सांगायचो. ती गेल्यावर भोरच्या जोडीदाराला फोन लावायचो. सवयीनं मोबाईल काढला, त्याचं नाव समोर आलं, आणि परत खिशात घातला. ती आजारानं गेली, तिच्यासाठी मला रडता तरी येतं. हा धडधाकट आहे, भोरात दुकान उघडून बसलाय. ह्याचं काय करायचं ते मला कळत नाही.