भिंतीवरचे ओघळ

निगडीच्या पुढं तेव्हा नुसता माळ होता. तिथल्या चढाला लागून आम्हा कामगारांच्या नव्या खोल्या होत्या आणि मागं माती अडवणारी दगडी भिंत. या खोल्या बांधणाऱ्या हाउसिंग बोर्डाचे साहेब तपासणीला येणार म्हणून आम्ही भिंतीला चुना मारला. ज्या भोकांतून गढूळ पाणी ठिबकायचं, तीही सिमेंटनं बुजवून टाकली. भिंत कशी लग्नघरासारखी दिसायला लागली!

आदल्या दिवशी बोर्डाचा ओव्हरसियर सायकलवरून आला. पांढरा शर्ट, कानामागं पेन्सिल. नाव त्यानं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा भिंतीवर तळवा फिरवत तो सावकाश चालत गेला आणि माझ्या खोलीमागं थांबला. तिथं आत पाणी तुंबून भिंतीला पोट सुटलं होतं.

"पहार आणा," तो म्हणाला.

"अहो, उद्या तपासणी हाय! सगळं खराब होईल."

"फौंड्रीत कामाला ना तुम्ही? घाम आलाच नाही तर माणूस टिकेल का भट्टीपुढं? वाहू द्या राव तिला."

त्यानं स्वतःच एकेक भोक मोकळं केलं. पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या छातीवर उडाली. सकाळपर्यंत चुन्यावर तांबडे ओघळच ओघळ.

साहेब आले ते खेकसतच, "ही घाण कुणी केली?"

आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"मी केली, साहेब," म्हणत तो पुढं झाला. अंगात कालचाच शर्ट होता, छातीवर तेच तांबडे डाग.