एक बोट, दोन मालक

टोरग्रिम हा आमच्या कचेरीतला सगळ्यात भित्रा माणूस. बेटांवरच्या म्हाताऱ्यांच्या मनगटावर बटण असतं. ते दाबलं की त्यावरचा दिवा हिरवा होतो आणि नर्सची बोट निघते. बोट कुठे धाडायची हे ठरवणारी यंत्रं फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाडीच्या, दोन काठांवर, एक मेलं तर दुसरं असावं म्हणून. दोघांत बोटीच्या मालकीवरून भांडण नको, म्हणून तिसरं छोटं यंत्र पंच म्हणून ग्रंथालयाच्या तळघरात. सगळी रचना टोरग्रिमची. पंचच गप्प झाला तर? तर दोघांनीही काम चालू ठेवायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. एकही म्हातारं माणूस वाऱ्यावर पडू नये, ही भीती.

जुलैची सुट्टी लागली. सुट्टीतल्या आपापल्या केबिनवर पळण्याआधी ग्रंथालयवाल्यांनी इमानेइतबारे मेन स्विच बंद केला. आणि सोमवारी सकाळी कुणाच्या तरी खोदकामात दोन काठांमधली केबल तुटली.

बोटवाला स्वेनुंग फोनवर कडाडला, "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? आत्ता उत्तरेला जा म्हणता, आत्ता दक्षिणेला!"

पंच बंद, केबल तुटलेली. दोन्ही यंत्रं स्वतःलाच मालक समजत होती. पलीकडचं मोबाइलवरून बंद करता येत होतं, पण बटण दाबून त्याच्या रांगेत कोण थांबलंय ते आम्हाला दिसत नव्हतं. बंद केलं की ती रांग पुसली जाणार, मनगटावरचे दिवे मात्र हिरवेच राहणार.

"आईचं बेट पलीकडे आहे," टोरग्रिम म्हणाला.

"मग आपलं बंद कर ना!"

"आपल्याकडे बेटं जास्त आहेत, गुनवोर."

त्याने पलीकडचं बंद केलं. त्या काठाची बटणंही आता आमच्याकडे येणार होती, पण नव्याने दाबली तरच. त्याने आईला फोन लावला. कितीतरी वेळ वाजला.

"आई, बटण दाबलं होतंस?"

"हो रे. छातीत जरा आवळल्यासारखं होतंय. दिवा हिरवा आहे, येतील."

"पुन्हा दाब."

"एकदा दाबलंय ना? सारखं काय लोकांना छळायचं?"

"आई, दाब!" तो किंचाळला.

पडद्यावर तिचं नाव उमटलं. स्वेनुंगची बोट तिकडे निघाली. माझा जीव भांड्यात पडला. टोरग्रिम मात्र फोन हातात धरून तसाच उभा, चेहरा पांढराफटक.

"गुनवोर," तो म्हणाला, "बाकीचेही तिच्यासारखेच सभ्य असतील. एकदाच दाबून बसलेले."