बी जिन्यातली बारा चित्रं

गुरुवार, ३ नोव्हेंबर २०१६. सकाळी उणे चार. अंगणात पातळ बर्फ, वाळू अजून टाकलेली नाही. दहा वाजता डॉक्टरांकडे पाय दाखवला, बरा आहे. दुपारी मिर्या आली, लिस्बनचं पत्र घेऊन. कोट न काढता बसली. तेरा सह्या हव्यात, अठरा तारखेपर्यंत. दोन कप कॉफी प्याली, वेलचीचा पाव तसाच ठेवला.

ही त्या दिवसाची माझी नोंद. शाळेत नन्सनी लावलेली सवय आहे: दिवसाचं त्याच दिवशी लिहायचं आणि त्यात मत घालायचं नाही. मत आता लिहिते आहे, कारण सगळं होऊन गेलं आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

मिर्या वुओरेला माझ्या वरच्या मजल्यावर राहते. सत्त्याऐंशी साली आजारी आईला सांभाळायला ती हेलसिंकी सोडून टाम्परेला आली आणि आई गेल्यावरही इथेच राहिली. तेव्हापासून ती शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. आमच्या देशात चाळिशीच्या आतल्या कुणालाही डोळे मिटून पेर्च मासा आठवायला सांगा, त्याला जो दिसेल तो मिर्याचा मासा असेल. तळ्यावरच्या बर्फाचे थर, रानातली निळी बोरं, मुंगळ्यांचं वारूळ, सगळं तिचं. तिचं नाव मात्र पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, भिंग घेऊन वाचावं लागेल अशा अक्षरांत. तिला त्याचं काही वाटत नाही असं ती म्हणते. मी ते कधी मानलं नाही.

आठ वर्षं ती संध्याकाळी स्वतःसाठी काहीतरी कोरत होती. लिनोच्या, म्हणजे कोरून छाप काढायच्या मऊ जाजमाच्या तुकड्यांवर आमच्या इमारतीचा बी जिना आणि त्यावरची बिऱ्हाडं. पत्रपेटीशी चष्मा कपाळावर चढवून उभी मी. कचऱ्याच्या खोलीत डब्यांवरच्या सूचना वाचणारी दुसऱ्या मजल्यावरची हेल्लेवी. सोसायटीच्या सौनात, वाफेच्या न्हाणीत, आपल्या पाळीची वाट बघत टॉवेल घेऊन बसलेला विद्यार्थी. अशी बारा चित्रं, बाराव्यात दोन माणसं. छापायला तिच्याकडे यंत्र नव्हतं. तळघरात सोसायटीचं मँगल आहे. जाड लाकडी रुळांमधून चादर घातली की इस्त्री केल्यासारखी बाहेर येते. आपल्या शनिवारच्या पाळीत मिर्या त्यातून चादरींऐवजी शाई लावलेले लिनो आणि कागद काढायची. एकदा रुळावर शाई राहिली आणि सोसायटीचे अध्यक्ष पासानेन यांच्या पांढऱ्या पलंगपोसावर काळा पट्टा उमटला. दुसऱ्या दिवशी दारावर टाचलेला कागद: "मँगल फक्त कापडासाठी आहे. अध्यक्ष." मिर्याने त्यांना नवा पलंगपोस आणून दिला, दाराच्या मुठीला पिशवी अडकवून. घंटा वाजवली नाही. त्यांनीही आभार मानले नाहीत. आमच्याकडे असंच चालतं. जिन्यात मान हलवली की दिवसभराचं बोलणं झालं.

ही चित्रं बाहेर गेली ती आरेमुळे. आरे कूसिनिएमी हेलसिंकीचा, पस्तिशीचा, प्रदर्शनांची मांडणी आखणारा. एका पुस्तकाच्या कामासाठी मिर्याकडे आला आणि टेबलावरचा गठ्ठा बघून तासभर हललाच नाही. लिस्बनमध्ये आमच्या देशाची एक छोटी सांस्कृतिक संस्था आहे, तिच्यासाठी तो तीन चित्रकार आणि दोन डिझायनर यांचं प्रदर्शन जुळवत होता. मार्चमध्ये बोलावणं आलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मिर्याचं नाव पहिल्यांदा भिंतीवर लागणार होतं. त्या दिवशी ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "आल्ली, तुझ्या चष्म्याला लिस्बन दिसणार." इतका लांब विनोद मी तिच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता.

मग पत्रं सुरू झाली. संस्थेत काइसू हार्यान्ने नावाची आमचीच बाई आहे, अठरा वर्षं तिकडे राहिलेली. मे महिन्यात तिने कळवलं, चित्रं अप्रतिम. ऑगस्टमध्ये, निसर्ग थोडा वाढवता येईल का. सप्टेंबरमध्ये प्रदर्शनाचा विषय बदलून "उत्तरेची शांतता" झाला. मिर्याने विचारलं, कचऱ्याच्या खोलीत शांतता कुठून आणू? काइसूने उत्तरात हसरा चेहरा पाठवला. ऑक्टोबरमध्ये तिने बारावं चित्र जाहिरातीच्या फलकासाठी निवडलं. त्यात नवरा-बायको अंगणातल्या ताज्या बर्फावर चिंध्यांची लाल सतरंजी दोन टोकांना धरून झोडायला पालथी घालताहेत. ते दोघं म्हणजे पासानेन आणि त्यांची बायको आउने.

नोव्हेंबरच्या पत्रात नवीनच निघालं. चित्रांतली माणसं खरी आहेत, तेव्हा प्रत्येकाची लेखी संमती हवी, छापील अर्जावर, अठरा तारखेच्या शुक्रवारपर्यंत. ही गोष्ट मार्चमध्ये सांगता आली असती. मी तसं म्हणालेही. मिर्या म्हणाली, "सह्यांचं काही नाही गं. घंटा वाजवाव्या लागतील."

एकोणतीस वर्षांत तिने त्या जिन्यात एकही घंटा वाजवली नव्हती, माझी सोडून.

मी तिच्याबरोबर गेले. हेल्लेवीने चित्र हातात धरून लांब केलं, जवळ आणलं.

"ही मी?"

"हो," मिर्या म्हणाली.

"नाक जरा आखूड करायला काय घेतलं असतं तुझं?"

"कोरलेलं परत भरता येत नाही."

"माझ्या आईलाही हेच सांगायला हवं होतं. कुठे करू सही?"

विद्यार्थ्याने न वाचताच सही केली आणि एक प्रत मिळेल का विचारलं. चौथ्या मजल्यावरचा नीलुंड म्हणाला, "हा मी नव्हे." मी म्हटलं, "अरे, टोपी तर तुझीच आहे." तो म्हणाला, "टोपी माझी आहे. पण सही करतो, टोपीच्या वतीने." चार संध्याकाळी लागल्या. प्रत्येक दारातून परतताना मिर्या थोडी सरळ होत होती. एका दारात तर ती आपणहून दोन वाक्यं बोलली.

पासानेन यांचं दार आम्ही शेवटी ठेवलं. सोमवार, सात नोव्हेंबर. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, घरातही टाय बांधून. आउने त्या वसंतातच गेली होती. त्यांनी चित्र बघितलं, अर्ज वाचला, पाठपोट वाचला.

"माझी सही मी करीन," ते म्हणाले. "आउनेची कुठून आणू?"

  दोघं उंबरठ्याच्या दोन बाजूंना अर्धा मिनिट उभे होते, आणि मी मध्ये. मग मिर्या म्हणाली, "माफ करा," आणि जिना चढायला लागली. पासानेन यांनी अर्ज स्वतःच्याच हातात ठेवून दार लावून घेतलं. मला तो नकार वाटला. मिर्यालाही. पलंगपोसाची गोष्ट दोघींच्याही मनात होती.

काइसूशी संगणकावर बोलणं झालं तेव्हा मिर्याच्या आग्रहाने मी शेजारी बसले होते. पडद्यावर आरेही होता.

"अकरा सह्या आल्यात, बारावी ते आजोबा करतो म्हणालेत ना, मग प्रश्नच नाही," काइसू म्हणाली. "फलकावरून माणसं काढू. नुसता बर्फ आणि लाल सतरंजी. खरं सांगू? ते जास्तच छान दिसेल. इथल्या लोकांना आपली माणसं जरा रुसल्यासारखी वाटतात."

"ती रुसलेली नाहीत," मिर्या म्हणाली.

"मला माहीत आहे गं, मी तिथलीच आहे. पण कापडी पिशव्यांवर सतरंजी किती शोभेल बघ. आणि भिंतीवरच्या चित्रात निदान तिला तरी काढ. लिनोच आहे ना, तेवढा भाग कापला की झालं."

"तिला म्हणजे आउनेला?"

"जिची सही नाही तिला."

मिर्या गप्प बसली. ती गप्प असते तेव्हा विचार करत असते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. काइसू म्हणाली, "छान, मग ठरलं तर." अठरा वर्षांत बाई एवढंही विसरली होती.

"सतरंजीला दोन टोकं असतात," मिर्या शेवटी म्हणाली. "एक टोक आउनेच्या हातात आहे. ती काढली तर दुसरं टोक कोण धरणार?"

आरे म्हणाला, "मिर्या, घाई करू नकोस. शुक्रवारपर्यंत वेळ आहे. त्या आजोबांना परत एकदा विचार ना."

"त्यांनी सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

मिर्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "त्यांनी दार लावलं." आज वाटतं, आरेने विचारलेलं काय होतं आणि मी उत्तर काय दिलं!

सोळा तारखेला, बुधवारी, मिर्याने संस्थेला दोन ओळी लिहिल्या: आउनेला कापणार नाही, म्हणून चित्रं मागे घेत आहे. मी म्हटलं, "शुक्रवारपर्यंत थांब ना, दोनच दिवस." ती म्हणाली, "शेवटच्या दिवसापर्यंत लोकांना ताटकळत ठेवणं बरं नाही. त्यांना दुसरं कुणी शोधावं लागेल." शाळेच्या पुस्तकाचं एकही काम तिने तीस वर्षांत उशिरा दिलेलं नाही, नेहमी दोन दिवस आधीच.

अठरा तारखेला सकाळी नऊ वाजता माझी घंटा वाजली. दारात पासानेन, काळा कोट, बगलेत फाईल.

"वुओरेलाबाई वर दार उघडत नाहीत. इथे आहेत का?"

मिर्या माझ्याच स्वयंपाकघरात होती. ते आत आले, बूट काढले, टेबलाशी बसले आणि फाईलमधून एकेक कागद काढून सरळ रांगेत मांडले. आउनेच्या मृत्यूची नोंद. वारसांच्या नावांचा, शिक्का मारलेला कागद. तिच्या वतीने त्यांनी आणि ओउलूत राहणाऱ्या मुलीने केलेल्या सह्या. शेवटी त्यांचा स्वतःचा अर्ज.

"दोन कार्यालयांत जावं लागलं," ते म्हणाले. "मग मुलीकडून टपालाने मागवलं. कालच आलं. शुक्रवार म्हणाला होतात. आज शुक्रवार."

मिर्या कागदांकडे बघत राहिली.

"मी मागे घेतली चित्रं," ती म्हणाली. "परवा."

"का?"

"तुम्ही नाही म्हणालात."

"मी?" पासानेन यांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "मी विचारलं होतं, कुठून आणू. प्रश्न होता तो, बाई. तुम्ही सांगितलं असतंत की वारसांची चालते, तर आठवडा वाचला असता. तुम्ही माफ करा म्हणून निघून गेलात, मग मीच शोधलं."

"मग सांगायचं ना, शोधतोय म्हणून!"

"काम झाल्याशिवाय काय सांगायचं?"

मिर्याही तसंच वागली असती. मीही. दहा तारखेच्या माझ्या नोंदीत लिहिलेलं आहे: "पासानेन सात नंबरच्या बसथांब्यावर, हातात फाईल. मान हलवली." कुठे निघालात, एवढं विचारायला काय झालं होतं मला? एकोणऐंशी वर्षांची आहे मी, वेळच वेळ आहे, आणि मी मान हलवून पाव आणायला गेले.

मिर्याने तिथूनच काइसूला फोन लावला. मोठ्याने, आम्हाला ऐकू येईल असा.

"अगं, कमाल करतेस," काइसू म्हणाली. "तुझी जागा कालच दिली. दुसऱ्या एकाची घुबडं आहेत, फार गोड. फलक छपाईला गेला. तू दोन दिवस थांबली असतीस तर."

"मुदत आजची होती."

"पण तूच लिहिलंस ना?"

"हो, मीच."

"पुढच्या एखाद्या वेळी बघू. आणि सतरंजीची ती पिशवी? नुसती सतरंजी?"

"नाही," मिर्या म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारी आरेचा फोन आला. तो संस्थेवर चिडला होता, मिर्यावर चिडला होता, आणि घुबडांवर सगळ्यात जास्त. त्याने काय उपयोग होता?

सकाळी काइसूचा फोन झाल्यावर पासानेन लगेच उठले नव्हते. ते म्हणाले, "मला ते दारात घाईत दाखवलंत. नीट बघू द्या." मिर्या वरून मूळ छाप घेऊन आली. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं.

"डोक्यावरचा रुमाल करडा केलाय. आउनेचा निळा होता."

"माहीत आहे. निळी शाई संपली होती."

"मग विकत आणायची."

"दुकान बंद होतं."

"आठ वर्षं?"

मिर्या हसली नाही. तेही नाही. त्यांनी कागद परत फाईलमध्ये लावले, जसे आणले त्याच क्रमाने, आणि बूट घालायला वाकले. दाराशी मिर्या म्हणाली, "हवं तर ठेवा हे चित्र." ते म्हणाले, "आज नको," आणि हळूहळू जिना उतरले. मिर्या चित्र घेऊन वर गेली. सोमवारी तिला सहावीच्या पुस्तकासाठी मुंगळा द्यायचा होता, शनिवारीच दिला.

त्या संध्याकाळी मी लिहिलं: शुक्रवार, १८ नोव्हेंबर. उणे सात, वारा नाही. स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्यांच्या फटींना हिवाळ्याची कागदी पट्टी चिकटवली. दीड गुंडाळी लागली.